निंदण

‘निंदण’ हा माझा लहानपणापासूनचा शब्द. आषाढ अर्धा सरला, की पऱ्हाटीच्या तासांतून बायांची रांग ओणवी होऊन पुढे सरकू लागे. डवरा दोन तासांमधले तण काढतो. पण रोपाच्या अगदी बुडाशी, त्याच्या गळ्यात गळा घालून जे वाढते, ते डवऱ्याला काढता येत नाही. त्याला माणसाचा हातच लागतो. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा आईच्या मागोमाग निंदणाला गेलो आणि मोठ्या उत्साहाने हातभर तास साफ करून टाकला. आईने मागे वळून पाहिले, तो तणाबरोबर पऱ्हाटीचीही आठ-दहा रोपे माझ्या मुठीत! तिने मारले नाही. एवढेच म्हणाली, “बाबू, आधी पान पाय, मंग उपट.”

हा शब्द पुन्हा भेटला तो शेतात नव्हे. अकोल्यास, एका सरकारी कचेरीत. संवत १९५६ चा, म्हणजे इंग्रजी १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ मनात धरून एक कादंबरी लिहावी असे डोक्यात होते आणि त्यासाठी जुने कागद पाहत मी हिंडत होतो. मॅट्रिकच्या पुढे मी कॉलेजात गेलो नाही. तेव्हा संशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण मास्तरकी आणि कादंबरी या दोन्ही धंद्यांत माणसाला दुसऱ्याच्या दप्तरात डोकावण्याची खोड लागते. त्या कचेरीच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: ‘अभिलेख निंदणीकरण मोहीम’. मी थबकलो. ‘वीडिंग’ या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना कोण्या शेतकऱ्याच्या पोराला आपली आई आठवली असावी. सरकारी मराठीची आपण एरवी थट्टा करतो. हा शब्द मात्र मला फार आवडला.

कचेरीतल्या एका वयस्क रेकॉर्डकीपरांनी मला ती रीत समजावून सांगितली. कागदांना जन्मतःच आयुष्य ठरवून दिलेले असते. ‘अ’ वर्गाचा कागद चिरंजीव, तो कायम जपायचा. ‘ब’ वर्गास तीस वर्षे. ‘क’ वर्गास दहा किंवा पाच. आणि ‘ड’ वर्ग, बिचारा, वर्षाचा धनी. वर्ष उलटले की जायचा. बस्त्यांच्या रंगीत कापडावरून दुरूनच कळे, कोणाचे किती दिवस राहिले आहेत. “पण एक आहे, मास्तर,” ते म्हणाले, “मुदत संपली म्हणून कागद आपोआप जात नाही. आधी नष्ट करायच्या कागदांची यादी लिहायची. साहेबांनी ती पाहून सही करायची. मग फाडायचे. आणि ती यादी मात्र जपून ठेवायची.” कागद गेला तरी तो गेल्याची नोंद उरते, ही गोष्ट मला मोठी शहाणपणाची वाटली. त्यांनी स्वतः यादी करता करता ‘ड’च्या गठ्ठ्यातून एका गावची तगाईची जुनी यादी बाजूला काढून ठेवली होती. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येईना. “नावं होती जी त्यात. माणसांची नावं दिसली की हात थबकतो.”

वऱ्हाडच्या माणसाचा हात कागदापाशी असा थबकावा, याला आमचा इतिहासही कारण आहे. आमचे दप्तर फार फिरले आहे.

अठराव्या शतकात या मुलखात दोअमली होती. मालकी निजामाची, पण वसुलात नागपूरकर भोसल्यांचा वाटा. एका गावच्या पाटलाने दोन सरकारांचे तोंड पाहायचे. रयतेचे त्यात हाल झाले हे खरे. पण ज्या गावचा हिशेब दोन धनी विचारतात, त्याची एक नोंद हरवली तर दुसऱ्या बाजूस काही सापडण्याचा संभव असतो! अडगावची लढाई झाली २९ नोव्हेंबर १८०३ ला, गाविलगड पडला १५ डिसेंबरला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. दोअमली संपली. पुढे १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. कारभारासाठी प्रथम दोन जिल्हे झाले, उत्तर वऱ्हाड आणि दक्षिण वऱ्हाड. ठाणी बुलढाणा आणि हिंगोली. हिंगोली निजामाकडे परत गेल्यावर पुन्हा मांडणी झाली: पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती, पश्चिम वऱ्हाडचे अकोला. आज एस. टी. च्या खिडकीशी बसून आपण अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास जातो, तेव्हा या दोन गावांची जोडी कोणी लावली याचा विचारही मनात येत नाही. १८६१ पासून मुंबई पद्धतीची मोजणी सुरू झाली, शेतांना नंबर पडले आणि वऱ्हाडात कागदांचे पीक कापसाइतकेच उदंड येऊ लागले.

पण या कागदांचा वरचा धनी मात्र कधी वऱ्हाडात राहिला नाही. १९०३ पर्यंत तो हैदराबादेस रेसिडेंटाच्या कोठीत होता. १९०२ च्या कराराने सालीना पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमचा पट्ट्याने गेला आणि दुसऱ्याच वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. धनी नागपुरास आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि मोठ्या निर्णयांच्या फायली मुंबईस होऊ लागल्या. हैदराबाद, नागपूर, मुंबई: शंभर वर्षांत तीन घरे! आणि २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर चढली. पाच माणसे गेली आणि मजलेच्या मजले फायली गेल्या. त्या आगीने निंदण केले नाही, शेत पेटवले. दूरच्या घरी ठेवलेली आपली ठेव अशी जळाली, की आपण इथे बसून फक्त बातमी वाचतो.

कोणता कागद तण आणि कोणता पीक, हे त्या त्या वेळी कोणाला कळते काय? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यातली पानिपतच्या काळची पत्रे वाईस मिळालेली. माळ्यावरचा जो पसारा घरच्यांना अडगळ वाटे, त्यावर पुढे मराठ्यांचा इतिहास नव्याने उभा राहिला. आमच्याकडे यवतमाळच्या शारदाश्रमाने आणि डॉ. य. खु. देशपांडे यांनी जुन्या पोथ्या-कागद गोळा करण्यात हयात घातली. अशी माणसे गावोगाव निघाली नाहीत. निघाली असती तर विटांच्या भट्टीला आणि वाण्याच्या पुड्यांना कागद कमी पडला असता.

राजेरजवाड्यांच्या पत्रांची गोष्ट तरी वेगळी. गेल्या दोन-तीन वर्षांत जे घडले त्याने तर माझ्यासारख्या मास्तराचे डोळेच उघडले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाचा वाद मी या लेखात आणीत नाही. तो माझा विषय नव्हे. मी बोलतो आहे ते कागदांबद्दल. तेव्हा उघडले गेले काय? कोतवाल बुके, जन्ममृत्यूचा गाव नमुना क्रमांक १४, आणि आमची, शाळामास्तरांची, दाखल-खारीज रजिस्टरे. ज्या कोतवालाने जन्माची नोंद करताना बापाच्या नावापुढे जात लिहिली, त्याला स्वप्नातही वाटले नसेल, की शंभर वर्षांनी ती ओळ वाचायला मोडीचे जाणकार शोधत फिरावे लागेल. इतर मागासवर्गीयांच्या पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या पूर्वीचा पुरावा मोलाचा. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे कोणत्या मास्तराने कोणत्या रकान्यात काय लिहिले, यावर आज एखाद्या पोरीचा प्रवेश अडतो किंवा सुटतो.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुसण्यासारखे काहीच नसते, असे मी म्हणणार नाही. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांच्यावरील तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; पण कागदावरचा शिक्का माणसाच्या मागे किती पिढ्या चालतो! वस्त्यांना दिलेली जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या केंद्रीय कायद्याने नागरिकास दिला आहे. तण हे असतेच. माझा प्रश्न ते उपटणाऱ्याच्या डोळ्यांविषयी आहे. आणि तो मला पडला तो एका कॉम्प्युटरमुळे.

आपण ‘क्लाउड’ म्हणतो. वऱ्हाडातल्या माणसाला आभाळावर फारसा विश्वास नाही. तरीही आपले फोटो, दाखले, हिशेब आपण बेलाशक त्या आभाळात ठेवतो. वास्तविक ते आभाळ नव्हेच. ती कुठल्याशा शहरातली थंडगार, पहाऱ्यातली इमारत आणि तिच्यातली भाड्याची जागा. अमेझॉन कंपनीने ‘एस-थ्री’ नावाने ही भाड्याची कोठारे १४ मार्च २००६ ला उघडली; दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, मुंबईतही आणली. गुगलची आहेत, मायक्रोसॉफ्टची आहेत. आपल्या वाटणीच्या कोठाराला अमेझॉन आणि गुगल ‘बकेट’, म्हणजे बादली, म्हणतात. हैदराबाद, नागपूर, मुंबई यांच्या पुढचे हे चौथे घर!

या घरातून वस्तू काढून टाकायला कोणी जात नाही. हुकूम लिहितात. तो लिहिणे म्हणजेच कोड. एका माझ्या जुन्या विद्यार्थ्याने तो मला वाचून दाखवला. आठ-दहा ओळींचा असेल. पण त्यातला खरा आशय तीन वाक्यांचा: बादली उघड, अमुक अक्षरांनी सुरू होणारी नावे गोळा कर, ती सगळी पुसून टाक. या कोठारांत फडताळे, कप्पे, बस्ते असे काही नसते. आपल्याला पडद्यावर कप्पे दिसतात तो भास. असतात ती फक्त लांबच लांब नावे. ‘वही-१, तिरपी रेघ, पान-००१’ हे सगळे मिळून एकच नाव. कोठाराला त्यातली वही कळत नाही आणि पानही कळत नाही. एका हुकुमाच्या फटकाऱ्यात हजार वस्तूंपर्यंत पुसता येतात. मग पुढचे हजार. अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत पंचाहत्तर किलोमीटर डांबर अंथरून जागतिक विक्रम झाला, त्याचे आम्हांला कोण कौतुक! या हुकुमाचा वेग त्याहून कितीतरी मोठा. पण त्याचा धूर नाही, वास नाही, आवाज नाही. कचेरीमागच्या कागदांच्या होळीजवळ निदान एखादा चपराशी तरी उभा असे.

परतीची वाट अगदीच नसते असे नाही. ‘व्हर्जनिंग’ नावाची एक सोय असते. ती चालू ठेवली, तर पुसलेली वस्तू खरी जात नाही. तिच्यावर ‘ही गेली’ अशी नुसती चिठी चिकटते, आणि चिठी काढली की वस्तू पुन्हा हजर. गुगलने २०२४ पासून पुसलेली वस्तू सात दिवस धरून ठेवण्याची तजवीज केली आहे. पण ही व्हर्जनिंगची सोय अमेझॉनकडे तरी मुळात बंद असते, आपण मागून चालू करायची; आणि जुन्या प्रती ठेवायच्या म्हणजे भाडे वाढते. तेव्हा काटकसरी माणूस ती घेत नाही. शिवाय मुदतीचा नियमही लावून देता येतो: इतके दिवस झाले की आपोआप पूस. म्हणजे आपले ‘अ, ब, क, ड’च! फरक इतकाच, की इथे मुदत संपली की कागद स्वतः होऊन जातो. यादी नाही, सही नाही, आणि “नावं होती जी त्यात” म्हणणारे कोणी नाही.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात काय झाले ते पाहा. युनिसुपर या नावाचा तिथला मोठा पेन्शन फंड. पाच लाखांहून अधिक सभासद. त्याच्या कारभाराचा मोठा भाग गुगलच्या कोठारात. आणि एक दिवस तो गडप झाला. शोध घेता आढळले, की सुरुवातीला ही व्यवस्था उभी करताना गुगलच्या माणसांकडून एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्राने आपल्या परीने लावला: मुदत एक वर्ष. वर्ष भरले आणि यंत्राने नेमून दिलेले काम केले. ग्राहकाला आगाऊ सूचनाही गेली नाही. कारण पुसण्याची मागणी ग्राहकाची नव्हती, आणि सूचना जायची ती तशा मागणीवर. दुसरीकडे ठेवलेल्या प्रती होत्या म्हणून फंड वाचला. तरी आठवड्याहून अधिक काळ सभासदांना आपले खाते दिसत नव्हते. मी हे वाचले तेव्हा मला रेकॉर्डकीपरांचा ‘ड’ वर्ग आठवला. लाखो लोकांची म्हातारपणाची पुंजी एका रिकाम्या रकान्याने ‘ड’ वर्गात नेऊन बसवली होती! आणि दोअमलीही आठवली.

आता आमच्या शाळेची गोष्ट. शाळेचे नाव सांगत नाही. मूर्तिजापूरच्या बाजूला आहे इतके पुरे. आमच्याकडे दाखल-खारीजच्या एकोणीस वह्या. २०२३ च्या हिवाळ्यात नकलांसाठी इतकी गर्दी झाली, की वह्यांची पाने उलटून उलटून कोपरे झडू लागले. हेडमास्तरांनी ठरवले, सगळ्या वह्यांचे फोटो काढून ठेवायचे. माझा तो विद्यार्थी अमरावतीस कॉम्प्युटरचे काम करतो. त्याने एक पैसाही न घेता रविवार खर्ची घालून काम केले. पहिल्या वहीचे फोटो हात बसेपर्यंत अंधुक आले, म्हणून ती पुन्हा वेगळ्या नावाने घेतली. सगळे फोटो भाड्याच्या कोठारात गेले. आम्ही सारे निर्धास्त झालो. इतके, की शाळेच्या कॉम्प्युटरवर जागा पुरेना म्हणून तिथल्या प्रतीही काढून टाकल्या. जुलै २०२४ च्या पावसात ऑफिसचे पत्रे गळले आणि बाराव्या क्रमांकाची वही, १९५८ ते १९६३ ची, भिजून विटेसारखी घट्ट झाली. हेडमास्तर म्हणाले, “फोटो आहेत ना!” मीही तेच म्हणालो होतो. हे नमूद करून ठेवतो. नाहीतर वाचकांस वाटायचे, मास्तर तेवढे शहाणे होते.

दिवाळीच्या सुटीत भाड्याचे बिल पाहून त्या मुलाला वाटले, पहिल्या वहीचे ते अंधुक फोटो उगाच जागा अडवताहेत. ते तेवढे काढावेत. त्याने हुकूम लिहिला: ज्यांचे नाव ‘वही-१’ने सुरू होते ते सगळे पूस. वाचकहो, पाटी-पेन्सिल घेऊन बसा आणि पाहा. ‘वही-१०’ कशाने सुरू होते? ‘वही-११’? ‘वही-१९’? एकाच्या पुढे ती तिरपी रेघ काढली असती, तर यंत्र पहिल्या वहीपाशी थांबले असते. ती राहिली. एक वही पुसायची होती, अकरा गेल्या. हुकूम सुटल्यापासून काम संपेपर्यंत चहाचा घोटही झाला नसेल. व्हर्जनिंग घेतलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एस. टी. ने माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. “सर, म्या फक्त पयल्या वहीचंच पुसलं होतं जी.” एवढे बोलून त्याने मान खाली घातली. मी त्याला आठवीत मराठी शिकवले होते. कानामात्रा चुकला तर मी त्याचा अर्धा गुण कापत असे, आणि वर्गाला सांगत असे, की एका रेघेने अर्थाचा अनर्थ होतो. त्या सकाळी मला त्याला काहीच सांगता आले नाही. यादी छापून आधी पाहिली का, एवढे मी विचारले. नुसती यादी काढून दाखव, पुसू नकोस, असाही हुकूम यंत्राला देता येतो, हे मला त्यानेच मागे सांगितले होते. तो म्हणाला, “एकाच वहीचं होतं सर, त्याले काय पाह्यचं, वाटलं.”

दहा वह्या कागदावर शाबूत होत्या. महिन्याभरात त्यांचे फोटो पुन्हा झाले. उरली ती बारावी, ओल्या विटेची वाळकी वीट झालेली. तिच्यातल्या ज्यांनी पूर्वी नकला नेल्या होत्या, त्यांच्याकडून आम्ही त्या मागून घेतल्या. कोणी पत्र्याच्या पेटीतून काढून दिल्या, कोणी लॅमिनेट केलेल्या, कोणी नोकरीच्या वेळचा जुना टी. सी. आणला. पण जे चौथीतच गुरांमागे गेले आणि ज्यांना आयुष्यात कधी दाखल्याची गरज पडली नाही, त्यांचे काय? असे एक आजोबा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या नातीला बारावीनंतरच्या प्रवेशासाठी त्यांची नोंद हवी. त्यांना शाळेचा पहिला दिवस आठवतो, मास्तरांची काळी टोपी आठवते, नाव लिहिताना मास्तरांनी बापाला दोनदा काय विचारले तेही आठवते. पण आठवणीची नक्कल निघत नाही.

जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हांला रीत दाखवली. टीपकागद किंचित ओलसर करून वहीभोवती ठेवायचे, रात्रभर दमट हवा आत जाऊ द्यायची आणि मग बांबूची पातळ कामटी पानांमध्ये हळूहळू सरकवायची. घाई केली की पानाचा भुगा. सुदैव एवढेच, की त्या काळचे मास्तर निळ्या-काळ्या शाईने लिहीत. ती पसरली, पण धुऊन गेली नाही. बरे दिवस असले तर दोन पाने सुटतात, नाहीतर एक. कामटी मी धरतो. तो मुलगा दर रविवारी अमरावतीहून येतो. पान सुटले की प्रथम त्यावरची नावे मोठ्याने वाचतो. मी ती वेगळ्या कागदावर लिहून घेतो. आणि नंतर तो फोटो काढतो. हा क्रम त्याने स्वतः होऊन लावला आहे. मी विचारले नाही.

आजोबाही येतात. बाकावर टेकून बसतात, मध्येच एखादे नाव ऐकून “तो वारला” किंवा “ही सोनारीच्या घरी दिली” असे सांगतात. मागच्या रविवारी एकसष्टावे पान सुटले, जून १९५९. मुलाने अकरा नावे वाचली. आजोबांनी प्रत्येक नावाला मान हलवली, आणि शेवटचे झाल्यावर काठी घेऊन उठले. आजोबांचे पान अजून पुढे आहे.